गिबनचं ते जाडजूड पुस्तक आणि रोम नक्की पडलं कधी ही भानगड

आधीच सांगून टाकतो, हे पुस्तक मी अजून अख्खं वाचलेलं नाही. सहा खंड आहेत, ७१ प्रकरणं, आणि तळटिपा म्हणाल तर आठ हजारांच्या आसपास. पहिल्यांदा हात लावला तेव्हा कॉलेजात होतो, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एक जुनी संक्षिप्त आवृत्ती मिळाली होती, पानं पिवळी पडलेली, ती चाळिसाव्या पानावर सोडली. दुसऱ्यांदा लॉकडाउनमध्ये मोबाईलवर, कारण पुस्तक इतकं जुनं आहे की कॉपीराइट वगैरे काही उरलेलं नाही, फुकट मिळतं. तेही सोडलं. आता तिसरी वारी चालू आहे आणि या वेळी चौथ्या खंडापर्यंत पोचलोय, शेवट मात्र आधीच चोरून वाचून ठेवलाय. ज्यांना वाचायची इच्छा आहे पण ती जाडी बघूनच धीर सुटतो त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पुस्तकाचं नाव मराठीत करायचं तर 'रोमन साम्राज्याचा ऱ्हास आणि पतन'. लेखक एडवर्ड गिबन, इंग्रज माणूस, जन्म १७३७. लहानपणी सतत आजारी, त्याच्या पाठची सहाही भावंडं तान्हेपणीच गेली, हा एकटा वाचला आणि मावशीने वाढवला. शाळा धड झाली नाही, पण हाताला लागेल ते पुस्तक वाचायचा. पंधराव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला, तिथे चौदा महिने काढले आणि पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं की आयुष्यातले सगळ्यात रिकामटेकडे आणि फुकट गेलेले महिने ते हेच. तिथे असतानाच पठ्ठ्या कॅथलिक झाला, बापाने डोक्याला हात लावला आणि पोराला स्वित्झर्लंडला लोझानमध्ये एका प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या घरी नेऊन ठेवलं, सुधारायला. दीड वर्षात परत प्रॉटेस्टंट झाला, पण दोनदा धर्म बदललेला माणूस कुठल्याच धर्माकडे नंतर पूर्वीच्या नजरेने बघत नसणार, आणि हे पुढे पुस्तकात पदोपदी जाणवतं.

तिथेच सुझान कुर्शो नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, बापाने नाही म्हटलं, याने गपचूप ऐकलं. (तिने पुढे नेकर नावाच्या बँकरशी लग्न केलं, जो फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा अर्थमंत्री झाला, म्हणजे मुलीचं काही वाईट झालं नाही.) गिबनने लग्न केलंच नाही. १५ ऑक्टोबर १७६४ ला संध्याकाळी तो रोममध्ये कॅपिटॉल टेकडीवरच्या पडक्या अवशेषांत बसला होता, शेजारच्या चर्चमध्ये अनवाणी साधू प्रार्थना म्हणत होते, आणि त्याच्या डोक्यात आलं की जिथे एके काळी ज्युपिटरचं देऊळ होतं तिथे आज हे चाललंय, मधे नेमकं झालं काय ते लिहावं. त्याच महिन्यात इकडे बक्सारची लढाई झाली, म्हणजे एक इंग्रज जुन्या साम्राज्याच्या ढिगाऱ्यावर बसून विचार करतोय आणि त्याचेच देशबांधव इकडे नव्या साम्राज्याचा पाया घालतायत. हा माझा जोडलेला संबंध आहे, गिबनचा नाही.

पहिला खंड आला १७ फेब्रुवारी १७७६ ला. तेव्हा आपल्याकडे बारभाईंचा कारभार होता, दोनच आठवड्यांनी पुरंदरचा तह झाला. पुस्तक तुफान चाललं. आधी पाचशे प्रती छापायच्या असं ठरत होतं, छापणाऱ्याने अंदाज घेऊन हजार केल्या, त्या बघता बघता संपल्या. शेवटचे तीन खंड आले १७८८ ला.

आता मुद्द्यावर येतो. रोम पडलं असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, तर दाढीवाले रानटी लोक घोड्यांवरून येतात, आगी लावतात, खांब कोसळतात आणि खेळ खल्लास. आणि कारण विचारलं तर प्रत्येकाच्या खिशात एक तयार असतं, कोण म्हणतं चैनीमुळे, कोण म्हणतं नळाच्या शिशामुळे, कोण म्हणतं ख्रिश्चन धर्मामुळे आणि त्यावर वर 'गिबनने तसं सिद्ध केलंय' असा शिक्का. एका जर्मन इतिहासकाराने, अलेक्झांडर डेमांट त्याचं नाव, आजवर लोकांनी सांगितलेल्या कारणांची यादीच केली होती १९८४ मध्ये, ती भरली २१०. दोनशे दहा! गिबन मात्र इतका सोपा माणूस नाही. त्याच्या पुस्तकात रोम 'पडत' नाही, झिरपतं. घराच्या भिंतीत ओल धरते ना तसं, दर पावसाळ्यात थोडं पोपडं सुटतं, आपण पुट्टी मारतो, रंग काढतो, आणि घरातल्या कुणालाच नक्की सांगता येत नाही की भिंत खराब झाली ती कुठल्या वर्षी.

म्हणूनच तो सुरुवात करतो ती सगळं उत्तम चाललेल्या काळापासून, इसवी सनाचं दुसरं शतक. नेर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस असे पाच सम्राट ओळीने बरे निघाले. गिबन तर म्हणतो की अख्ख्या मानवजातीचा सगळ्यात सुखाचा काळ निवडा म्हटलं तर बेधडक हाच निवडावा. (गुलामांना कुणी विचारलं नव्हतं, ते सोडा.) गंमत म्हणजे यातले चौघं आधीच्याने दत्तक घेऊन आलेले, कारण मागे ठेवायला कुणालाच मुलगा उरला नव्हता. मार्कस ऑरेलियस, तो तत्त्वज्ञ राजा, त्याला उरला, आणि त्याने गादी पोटच्या पोराला दिली, कोमोडसला. निघाला दिवटा. सम्राट असून आखाड्यात उतरून ग्लॅडिएटरगिरी करायचा आणि त्याची वर फी लावायचा.

पण इथे गिबन जे म्हणतो ते महत्त्वाचं आहे. त्याचं म्हणणं असं की दोष कोमोडसचा नाहीच, दोष त्या सुखाच्या काळाचाच. कारण ते सगळं सुख एका माणसाच्या स्वभावावर टांगलेलं होतं. सिनेट, म्हणजे सरदारांची सभा, नावाला होती, निवडणुका नावाला, लोकांना कायदे करायची सवय गेली होती, लढायची सवय गेली होती, लढायचं काम पगारी सैन्याकडे आणि तेही दूर सीमेवरच्या मुलखातून भरती केलेलं. सगळं शांत, रस्ते मस्त, व्यापार जोरात, आणि आतून हळूहळू विष भिनतंय. ही सगळी मांडणी पहिल्या तीन प्रकरणांत आहे आणि खरं सांगायचं तर पुढची अडुसष्ट प्रकरणं म्हणजे याचीच वसुली आहे.

वसुलीचा पहिला हप्ता आला इ.स. १९३ मध्ये आणि हा प्रसंग मी जरा तपशिलात सांगणार, कारण माझ्या मते अख्ख्या पुस्तकाची चावी इथे आहे. कोमोडसचा खून झाल्यावर पर्टिनॅक्स नावाचा एक म्हातारा, प्रामाणिक सरदार सम्राट झाला. त्याने खर्च कमी करायला घेतले, शिस्त लावायला घेतली. आता सम्राटाचे अंगरक्षक होते प्रेटोरियन गार्ड, रोममध्येच त्यांची छावणी, त्यांना हे काही पटलं नाही. तीन महिने पण पुरते झाले नव्हते, हे लोक राजवाड्यात घुसले, म्हाताऱ्याचं मुंडकं भाल्यावर लावून छावणीत घेऊन गेले आणि दारं लावून घेतली. मग तटावर चढून ओरडले की साम्राज्य विकायला काढलंय, जो जास्त देईल त्याचं.

खरोखरचा लिलाव. आत छावणीत पर्टिनॅक्सचाच सासरा बोलणी करत होता, म्हणजे जावयाचं डोकं भाल्यावर आणि हा भाव करतोय. बाहेर आला डिडियस ज्युलियानस, गडगंज श्रीमंत सिनेटर, असं सांगतात की जेवणाच्या ताटावरून बायको, मुलगी आणि चार हांजी हांजी करणाऱ्यांनी त्याला उठवून पाठवलं. तो तटाखाली उभा राहून बोली लावतोय, आतून सासरा लावतोय, सैनिक इकडून तिकडे निरोप नेतायत की तो एवढं देतोय, तुम्ही किती. सासरा पोचला माणशी ५,००० द्राक्मांवर, म्हणजे चांदीच्या नाण्यांवर. ज्युलियानसने एका उडीत ६,२५० केले. दारं उघडली, सौदा पटला. रात्री नवे सम्राट राजवाड्यात गेले तर तिथे पर्टिनॅक्सचं बिनडोक्याचं धड पडलेलं आणि त्याच्यासाठी मांडलेलं साधंसं जेवण तसंच. ज्युलियानसने ते जेवण बघून नाक मुरडलं, मोठी मेजवानी मागवली, रात्री उशिरापर्यंत फासे खेळला, नाच बघितला. सगळे गेल्यावर मात्र म्हणे त्याला झोप लागली नाही. ६६ दिवसांनी त्याचंही डोकं उडवलं, न्हाणीघरात नेऊन.

गिबन हे सगळं सांगताना आवाज चढवत नाही हे विशेष. त्याचा मुद्दा एवढाच की त्या दिवशी सगळ्यांना कळलं की गादीची किंमत असते आणि ती कोण ठरवतं. एकदा सैनिकाला कळलं की आपण सम्राट बनवू शकतो, की मग रोमचेच अंगरक्षक कशाला, सीमेवरच्या फौजा पण बनवू लागल्या. लिलाव जिंकलेल्याला हटवून गादीवर आला सेप्टिमियस सिव्हरस, सीमेवरचा सेनापती. त्याने मरताना पोरांना दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे: आपसात भांडू नका, सैनिकांना खूश ठेवा, बाकीच्यांची पर्वा करायची गरज नाही. पहिला सल्ला एका वर्षात बोंबलला, मोठ्याने धाकट्याला मारलं. दुसरा मात्र सगळ्यांनी पाळला.

आणि इथून जे चक्र सुरू होतं ते बघा, हे नाण्याचं गणित गिबनपेक्षा नंतरच्या अभ्यासकांनी जास्त नीट मांडलंय पण समजायला सोपं आहे. सैनिक खूश ठेवायचे म्हणजे पगार वाढवायचा, पगाराला पैसे नाहीत म्हणून चांदीच्या नाण्यात चांदी कमी करायची, ऑगस्टसच्या काळात जवळपास शुद्ध चांदीचं असलेलं नाणं तिसऱ्या शतकात असं झालं की त्यात पाच टक्केसुद्धा चांदी उरली नाही, वरून नुसता मुलामा, मग दुकानदार तेवढ्याच मालाला जास्त नाणी मागणार, महागाई, मग सैनिक परत ओरडणार की पगार पुरत नाही. इ.स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसेक तरी सम्राट झाले आणि त्यातले अंथरुणात मेलेले अगदी थोडे. २६० मध्ये तर व्हॅलेरियन नावाचा सम्राट इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला, कैदेतच मेला.

तरीही साम्राज्य पडलं नाही! हे मला स्वतःला वाचताना नवल वाटलं. डायोक्लेशियन आला २८४ ला, त्याने कारभार चौघांत वाटला, महागाई रोखायला ३०१ मध्ये फतवा काढून शेकडो वस्तूंचे जास्तीत जास्त भाव ठरवून दिले (चालला नाही, असले फतवे कधी चालतात), आणि मग चक्क राजीनामा देऊन गावी जाऊन कोबी लावत बसला. कोणीतरी परत या म्हणून गळ घातली तर म्हणाला मी लावलेला कोबी बघितलात तर असं बोलणार नाही. मग कॉन्स्टंटाइन, त्याने ख्रिस्ती धर्माला आसरा दिला आणि ३३० मध्ये राजधानी पूर्वेला नेली, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल.

आता धर्माचा विषय निघालाच आहे तर ती पंधरावं आणि सोळावं प्रकरण ही कुप्रसिद्ध जोडी. गिबनची तऱ्हा बघा. तो म्हणतो, ख्रिस्ती धर्म का पसरला, तर उघडच आहे, तो खरा होता आणि देवाची इच्छा होती, त्यात काय वाद. पण देव आपली कामं बहुतेक वेळा माणसांच्या स्वभावातूनच करून घेतो, तेव्हा जरा दुय्यम कारणं पाहू. आणि मग तो दुय्यम कारणं मांडतो पाच: त्यांचा कडवेपणा, मेल्यानंतरच्या आयुष्याचं आश्वासन, चमत्कारांच्या गोष्टी, साधं कडक आचरण, आणि चर्चची जबरदस्त संघटना. पानामागून पानं. संपल्यावर मागे वळून बघावं तर ते पहिलं, दैवी कारण कुठे हरवलं ते सापडतच नाही. लेकी बोले सुने लागे याचं इतकं लांबलचक उदाहरण दुसरं नसेल. पाद्री मंडळी खवळली, पत्रकांवर पत्रकं निघाली, गिबन गप्प. पण ऑक्सफर्डच्या एका तरुणाने जेव्हा आरोप केला की याने पुरावे तोडूनमोडून दिलेत, तेव्हा मात्र १७७९ मध्ये त्याने उत्तर छापलं आणि त्या पोराची पार सालटी काढली. मतांवर काय बोलायचं ते बोला, तळटिपांवर आलात तर याद राखा, असा एकंदर सूर.

पण मग 'ख्रिश्चन धर्माने रोम बुडवलं असं गिबन म्हणतो' हे खरं का? अर्धवट खरं. तो म्हणतो की धडधाकट माणसं मठात गेली, पैसा सैन्याऐवजी मठांना गेला, आणि बाप म्हणजे देव मोठा की त्याचा मुलगा येशू असल्या वादात शहरंच्या शहरं एकमेकांच्या उरावर बसली. पण त्याच दमात तो हेही म्हणतो की पडणारच होतं ते पडलं, या धर्मामुळे पडताना कमी लागलं, कारण ज्या रानटी टोळ्यांनी रोम घेतलं त्या आधीच ख्रिस्ती झाल्या होत्या. हे दुसरं वाक्य लोक फॉरवर्ड करत नाहीत.

रानटी टोळ्या म्हणजे पण कोण, हे नीट बघायला पाहिजे. इ.स. ३७६ मध्ये हूणांच्या तडाख्यातून पळालेले गॉथ डॅन्यूब नदीच्या काठावर आले आणि रोमकडे हात जोडून आसरा मागितला. निर्वासितच ते, आजच्या भाषेत. सम्राटाने परवानगी दिली, वर त्यांच्यासाठी धान्याची सोय करा असा हुकूमही दिला. सोय करायला जे अधिकारी होते त्यांनी ते धान्य खाल्लं आणि या लोकांना कुत्र्याचं मांस अव्वाच्या सव्वा भावाने विकलं. पैसे संपले तसे गॉथांनी आधी गुलाम दिले, मग पोटची पोरं विकली. दोन वर्षांत, ३७८ ला, एड्रियानोपलच्या लढाईत याच गॉथांनी रोमन फौज कापून काढली आणि सम्राट व्हॅलेन्सचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. रानटी आक्रमण म्हणून आपण जे वाचतो त्याची सुरुवात एका रेशनच्या घोटाळ्यात आहे.

तीस वर्षांनी परत तेच. तोवर साम्राज्य पूर्व आणि पश्चिम असं दोन सम्राटांत वाटलं गेलं होतं. पश्चिमेचा सम्राट होनोरियस, याचा सगळ्यात कर्तबगार सेनापती स्टिलिको, बाप व्हँडल जमातीचा. ४०८ मध्ये दरबाऱ्यांच्या नादी लागून होनोरियसने त्याला मारलं, आणि इटलीतल्या गावागावांत रोमच्याच नोकरीत असलेल्या परक्या सैनिकांच्या बायकापोरांची कत्तल झाली. ते सैनिक गेले कुठे? अॅलरिककडे, जो गॉथांचा राजा होता आणि स्वतः आधी रोमच्या सैन्यात अधिकारी राहिलेला. त्याने रोमला वेढा घातला. शहरातून वकील आले, धमकी दिली की आत माणसं खूप आहेत, लढतील. तो म्हणाला गवत दाट असलं की कापायला सोपं जातं. मग मागणी सांगितली, सगळं सोनं, सगळी चांदी, सगळं सामान. वकिलांनी विचारलं, मग आमच्याकडे राहणार काय? जीव, म्हणाला.

घासाघीस होऊन आकडा ठरला: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० लाल रंगवलेली कातडी, आणि ३,००० पौंड मिरी. हो, काळी मिरी. रोमन पौंड जेमतेम ३३० ग्रॅमचा असायचा, तरी हिशोब केला तर जवळजवळ एक टन मिरी होते. आणि इथे गिबनने तळटीप दिलीय, ती वाचून मी थांबलोच, की ही मिरी हिंदुस्थानातून यायची, अजूनही मलबारच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पिकते, पण आता व्यापार सुधारल्यामुळे भाव उतरलेत. म्हणजे रोमचा वेढा चालू आहे, लोक उपाशी मरतायत, आणि लेखक खाली मसाल्याचे बाजारभाव सांगतोय. रोमचा हा इकडचा व्यापार आपल्यालाही पूर्ण परका नाही म्हणा, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीत खोदकाम झालं तेव्हा समुद्रदेव पोसायडनची कांस्याची छोटी मूर्ती निघाली, ती तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे.

खंडणी घेऊनही वाटाघाटी फिसकटल्या, दरबाराने शब्द पाळला नाही, आणि २४ ऑगस्ट ४१० ला अॅलरिक आत शिरला. होनोरियस तेव्हा राव्हेन्नात दलदलीच्या आड सुरक्षित. त्याला कोंबड्या पाळायचा नाद होता. प्रोकोपियस नावाच्या लेखकाने गोष्ट लिहून ठेवलीय की रोम गेलं असं कुणीतरी येऊन सांगितलं तर हा दचकून म्हणाला, अरे आत्ताच तर माझ्या हातून दाणे खाल्ले तिने! कोंबडीचं नाव पण रोमच होतं. शहर गेलंय हे कळल्यावर हुश्श केलं. बहुतेक थापच असणार, पण लोकांना अशी गोष्ट खरी वाटत होती यातच काय ते आलं.

४३९ मध्ये व्हँडलांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं, तिथून रोमला धान्य आणि कर दोन्ही यायचे, ते बंद. मला विचाराल तर पश्चिमेचा खरा घाव हाच, मिळकतच गेली. आणि मग ४७६, शाळेत पाठ केलेलं साल. ओडोएसर नावाच्या सेनापतीने शेवटच्या सम्राटाला गादीवरून उतरवलं, तो एक पोरगा होता, नाव रोम्युलस ऑगस्टुलस, म्हणजे शहर वसवणारा रोम्युलस आणि साम्राज्य उभारणारा ऑगस्टस, दोघांची नावं एकाच बिचाऱ्या पोरावर. मारलं? नाही. वर्षाला ६,००० सोन्याची नाणी पेन्शन लावून दिली आणि दक्षिण इटलीत कँपानियातल्या एका आलिशान बंगल्यात पाठवून दिलं. राजचिन्हं बांधून कॉन्स्टँटिनोपलला पाठवली, निरोप असा की एक सम्राट पुरे, तिकडचा. दुसऱ्या दिवशी रोममध्ये सिनेट भरत होती, कायदे तेच, कर तेच, दुकानं उघडली असणार. पडलं पडलं म्हणतात ते हे.

आणि इथे पुस्तक अर्धंच होतं! पहिले तीन खंड इथे संपतात. पुढचे तीन पूर्वेच्या साम्राज्याचे, जे अजून जवळपास हजार वर्षं टिकलं, २९ मे १४५३ ला तुर्की सुलतान मेहमेदच्या तोफांनी कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत. मला वाटतं गिबनची सगळ्यात मोठी खोट हीच, की या हजार वर्षांबद्दल त्याला प्रेमच नाही. अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात तर सहाशे वर्षांचे साठेक सम्राट त्याने एकाच दमात उरकलेत. अहो, जे साम्राज्य हजार वर्षं टिकतं ते नुसतं 'ऱ्हास' करत टिकलं असेल का?

मग शेवटी त्याचं उत्तर काय, का पडलं? तिसऱ्या खंडाच्या शेवटी, अडतिसाव्या प्रकरणाला जोडून, काही पानं आहेत, तिथे तो सांगतो, आणि उत्तर जवळपास चिडचिड होईल इतकं साधं आहे. म्हणतो की पडण्याची गोष्ट सरळ आणि उघड आहे, अति मोठं झालेलं आपल्याच वजनाने खाली येतं. का पडलं असं विचारण्यापेक्षा इतके दिवस टिकलं कसं याचं आश्चर्य करा. एवढंच. दोनशे दहा कारणांच्या यादीवर याहून चांगला उतारा मला तरी माहीत नाही.

आज हे सगळं जसंच्या तसं कोणी मानत नाही हेही सांगायला हवं. गिबनकडे होती फक्त पुस्तकं, जमीन खणून बघायचं शास्त्र तेव्हा नव्हतं. आता ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत रोमन काळच्या खाणींचं शिसं मोजतात, सहाव्या शतकातल्या थडग्यांतल्या दातांत प्लेगचे जंतू शोधतात. काही अभ्यासक म्हणतात की पतन हा शब्दच चुकीचा, ते रूपांतर होतं. तर दुसरे म्हणतात की ब्रिटनसारख्या भागात बघा, आधी साध्या शेतकऱ्याच्या घरावर कौलं होती, चाकावरची भांडी होती, नंतरच्या थरांत ती दिसेनाशी होतात, याला रूपांतर कसलं म्हणता. मला हा दुसरा गट पटतो. घरावरचं कौल गेलं म्हणजे काहीतरी पडलंच की.

बाकी हे पुस्तक लोक अजून वाचतात ते कारणांसाठी नाही, त्याच्या बोलण्यासाठी. एकच मासला देतो. धाकटा गॉर्डियन नावाचा एक सम्राट होता, त्याच्याबद्दल गिबन लिहितो की याच्याकडे बावीस रखेल्या आणि बासष्ट हजार पुस्तकं होती, आणि मागे काय काय ठेवून गेला ते बघता दोन्ही गोष्टी नुसत्या शोभेला नव्हत्या असं दिसतं. आणि खाली तळटिपेत, अगदी हिशेबनिसाच्या चेहऱ्याने, की प्रत्येकीपासून तीन-चार मुलं, लिखाण तेवढं नाही पण अगदीच टाकाऊ नव्हतं. आपल्याकडे पुणेरी पाटी जशी सरळ चेहऱ्याने टोचते तशी ही जात. १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर, हो तोच आपल्या सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल, खटला चालू असताना शेरिडन नावाच्या खासदाराने भाषणात गिबनच्या 'ल्युमिनस', म्हणजे तेजस्वी, पानांचं कौतुक केलं, गिबन समोरच बसला होता, फार खूश झाला. नंतर कुणी विचारलं तर शेरिडन म्हणे म्हणाला, ल्युमिनस नव्हे, मला व्हॉल्युमिनस, म्हणजे लठ्ठ, म्हणायचं होतं.

वाचायचंच असेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, माझ्यासारखे तीनदा अडकाल. आधी पाचवं प्रकरण वाचा, लिलावाचं, मग एकतिसावं, अॅलरिक आणि मिरीचं. जमलं तर मग मागे जाऊन पहिली तीन, आणि मग पंधरा-सोळा. अडुसष्टावं कॉन्स्टँटिनोपलच्या पडण्याचं आहे, ते एका बैठकीत होतं. तळटिपा अजिबात गाळू नका, निम्मी मजा तिथे आहे, लॅटिन असेल तिथे पुढे सरका. आणि मोबाईलवर नको, तळटीप बघायला गेलं की परत जागा सापडत नाही, मी शेवटी कंटाळून टॅब्लेट घेतला.

मी सध्या त्रेचाळिसाव्या प्रकरणात आहे, पूर्वेचा सम्राट जस्टिनियन, त्याने इटली परत जिंकून घेतलीय, सगळं पुन्हा जुळून येणार असं वाटतंय, आणि काल रात्री झोपायच्या आधी इजिप्तमध्ये प्लेग सुरू झाला.